कैरी चावून दाखव

माझ्या नोकरीचं नाव वर्गसहायिका. नाव ऐकलं की लोकांना वाटतं, ही पोरांची नाकं पुसते आणि खडू आणून देते. तेही करते. पण मला घेतलं ते दुसऱ्याच कामासाठी. वर्गातली मिस नागपूरची, ती सगळं इंग्रजीत शिकवणार. समोरची पोरं घरी माडिया बोलणारी. आणि मधे मी. घरी आमची हिंदी, शाळा मराठीतून झालेली, कॉलेजात इंग्रजीशी झटापट केलेली, आणि माडिया अब्बांच्या दुकानात कानावर पडलेली. आलापल्लीच्या बाजारात अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी जंगलातल्या गावांतून गिऱ्हाईकं यायची आणि मी माप घेता घेता त्यांच्याशी गप्पा मारायची. त्यामुळे कपड्यांपुरती माझी माडिया पक्की. बाही किती लांब ठेवू ते विचारता येतं. रात्री आईची आठवण येते का, हे विचारायला मात्र नोकरीत येऊन शिकावं लागलं.

शाळा निवासी आहे, इंग्रजी माध्यमाची, जंगलाच्या कडेला. भामरागडकडच्या गावांतून सहा-सहा वर्षांची लेकरं इथे येतात. आईला सोडून आलेल्या लेकराला पहिल्याच दिवशी कुणीतरी वाकून विचारतं, ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ लेकरू उत्तर देत नाही. मग तो माणूस आवाज चढवून तेच पुन्हा विचारतो. इंग्रजी कळत नसेल तर ती मोठ्याने बोलली की कळते, असा आमच्याकडे सर्वांचाच समज आहे. पाहुणे, अधिकारी, मिस, सगळे तेच करतात. लेकरू मात्र समजतं की आपल्याला रागावून राहिले, आणि रडायला लागतं. मग मला हाक मारतात, ‘दीदी, याला जरा शांत करा.’ याला! ओरडलात तुम्ही, आणि शांत त्याला करायचं!

मला प्रशिक्षणही मिळालं. इंग्रजी नवीन शिकणाऱ्या मुलांना वर्गात मदत कशी करायची, हा विषय. आम्हा सहायिकांना जिल्ह्याच्या गावी एका हॉलमध्ये बसवलं आणि सगळं प्रशिक्षण इंग्रजीतून दिलं. हे मी बनवून सांगत नाही. समोरचा माणूस पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवत भरभर बोलत होता आणि माझ्या शेजारची कुरखेड्याची बाई दर दोन मिनिटांनी मला कोपर मारून विचारत होती, ‘हे काय म्हणून राह्यले जी?’ मी तिच्या कानात मराठीत सांगू लागले. तर तो माणूस थांबला आणि म्हणाला, ‘नो टॉकिंग, प्लीज.’ तेव्हा पडद्यावर काय होतं? एका मुलाला दुसरा मुलगा त्याच्या भाषेत समजावून सांगतोय, याचं चित्र. हसावं की डोकं आपटावं?

तरी खरं सांगायचं तर त्यातलं काही काही कामाचं होतं. वस्तू दाखवायची ती खरी दाखवावी, नुसतं चित्र नको. हे पटलं, कारण आमच्याकडच्या चित्रांच्या पत्त्यांत बर्फाचा माणूस होता आणि पोरं त्याला भूत म्हणायची. प्रश्न विचारल्यावर थांबावं, लेकराला वेळ द्यावा. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच्या वाटचं उत्तर आपण देऊ नये, तोंड बंद ठेवावं. आमच्या घराण्यात तोंड बंद ठेवायची सवय कुणालाच नाही. अब्बा गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी भाव सांगायचे आणि अम्मी अब्बांच्या आधी. माझ्यासाठी हे शिक्षण फार महागात पडलं.

कारण नुसतं तोंड बंद ठेवून भागत नाही, हे मला पुढे कळलं. पहिल्या वर्षी मिस खूष होती. वर्ग धडाधड उत्तरं द्यायचा. ‘इज इट अ काऊ?’ ‘यस मिस!’ ‘इज इट अ डॉग?’ ‘नाई मिस!’ मग मी तापाने आजारी पडून घरी राहिले. परत आले तर मिसचं तोंड उतरलेलं. म्हणाली, ‘दीदी, हे सगळे अचानक मुके झाले.’ मुके कसले! पोरं प्रश्न ऐकतच नव्हती, माझ्या भुवया बघत होती. उत्तर हो असलं की माझ्या भुवया वर जायच्या, नाही असलं की खाली यायच्या. मला त्याचा पत्ताही नव्हता. पोरांनी मात्र पहिल्या आठवड्यातच हेरलं होतं. केवढी हुशार जात! आणि ही पोरं म्हणे मागे पडतात.

मग मी चेहरा बंद करायला शिकले. वर्गाच्या मागे जाऊन बसायची, पायाच्या अंगठ्याकडे बघायची. मिसला आणखी एक सांगून पाहिलं. या पोरांना एकट्याला उभं करून विचारू नका. गावात एकाला काही विचारलं तर चौघं मिळून ठरवतात आणि मग एक सांगतो. आधी त्यांना आपसात कुजबुजू द्या, माडियात बोलू द्या, मग इंग्रजीत विचारा. मिस म्हणाली, ‘त्याला कॉपी म्हणतात, दीदी.’ मिस वाईट नव्हती. रात्री जागून पत्ते रंगवायची, पोरांना जुलाब झाले तर स्वतः धुवायची. पण वर्ग कसा असावा हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, त्यातून ती हलायला तयार नव्हती. मी रोज एक इंच ढकलायची आणि ती रोज एक इंच मागे यायची.

या सगळ्यात दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं गाव भामरागडच्या पुढे, नदीच्या पल्याड. तिथे शाळेची खोली आहे, पण गुरुजी अलीकडून जाणार. नदी भरली की गुरुजी नाहीत, आणि नदी उतरली की गुरुजींची दुसरी कामं निघतात. तिचा बाप तिला पहिलीत सोडायला आला तेव्हा मला म्हणाला होता, ‘बाई, तिथी शाळा हाय म्हणतात, पर आमाले दिसत नाई. हिले इथीच ठेवा.’ मी म्हटलं, ठेवू ना भाऊ. जणू शाळा माझ्याच मालकीची होती.

मुलगी वर्गात बोलायची नाही. विचारलं की खाली बघायची. सांगितलेलं सगळं बरोबर करायची, पुस्तक काढ म्हटलं की काढायची, खिडकीपाशी जा म्हटलं की जायची. पण तोंड उघडायची नाही. मिसच्या मते तिला काही येत नव्हतं. आणि मी संध्याकाळी हातपंपावर काय बघायची? हीच बया कमरेवर हात ठेवून उभी, आणि पहिलीची पोरं रांगेत. ‘स्टँड अप! नो पुशिंग! वॉश युवर हँड्स! नॉट लाइक धिस, लाइक धिस!’ हुबेहूब मिस. मान तिरकी करायची लकबसुद्धा तीच. पाण्याला ती ‘येर’ म्हणायची आणि लगेच स्वतःलाच दटावायची, ‘से वॉटर!’ मी मिसला हाताला धरून तिथे नेऊन बघितलं. मिस आली की मुलगी चिडीचूप. मिस म्हणाली, ‘दीदी, वर्गात बोलेल तेव्हा खरं.’ मला इतका राग आला की त्या दिवशी मी पत्ते कापताना माकडाची शेपूट कापून टाकली.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा कळलं की तोंडी परीक्षा होणार. बाहेरून एक सर येणार, एकेका मुलाला बोलावून इंग्रजी समजते का, बोलता येते का, ते तपासणार. ज्यांना जमणार नाही त्यांना या शाळेतून काढून आपापल्या गावच्या मराठी शाळेत पाठवणार. ‘काढून टाकणार’ असं कुणी म्हणत नव्हतं. ‘माध्यम बदल’ म्हणत होते. आलापल्लीच्या पोराला माध्यम बदललं तर त्याची शाळा बदलते. नदीपल्याडच्या या मुलीचं माध्यम बदललं तर तिची शाळाच संपते. मी हे मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘मग तयारी करून घ्या.’ तयारी करून घेतली. मुलगी प्रत्येक वस्तू उचलायची, ठेवायची, दाखवायची. बोलायची वेळ आली की खाली बघायची. मी तिच्यावर चिडले, मग चिडले म्हणून स्वतःवर चिडले, मग दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलं. तीच दुसऱ्या दिवशी येऊन माझी ओढणी ओढून हसली.

परीक्षा आली ती नेमकी रमजानात, उन्हं तापलेल्या दिवसांत. रोज्यात राग गिळायचा असतो असं अम्मी सांगायची. पण पाण्याचा घोट नसताना राग गिळणं किती जड जातं, ते ज्याने रोजा धरलाय त्यालाच ठाऊक. सर सकाळी आले. माणूस तसा भला वाटला, पोरांशी हसून बोलत होता, आवाजही चढवत नव्हता. त्यांच्या कागदावर शेवटच्या भागात एक फळ लागणार होतं. मुलाने ते चावायचं, आणि मग सर विचारणार की चव कशी आहे, आवडलं का, आणखी हवं का. बोलण्याचे सगळे गुण त्या फळावरच. मिसला सफरचंदं हवी होती, ती काही मिळाली नाहीत. मिसने अंगणातल्या झाडाच्या लहान लहान कैऱ्या तोडून आणल्या, धुतल्या, बशीत मांडल्या, शेजारी मीठ ठेवलं. मला म्हणाली, ‘खरी वस्तू, दीदी! आणि इथलीच!’ मी मनापासून म्हटलं, वा मिस. दोन वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं होतं.

मला सरांनी कोपऱ्यात बसायला सांगितलं. पोरं घाबरू नयेत म्हणून मी खोलीत असावं, पण एक अक्षर बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. सुरुवात व्हायच्या आधी त्यांनी बशी माझ्यापुढे केली. ‘घ्या ना मॅडम, ताजी आहे.’ मी म्हटलं, ‘रोजा आहे, सर.’ ‘अरे! सॉरी, सॉरी,’ म्हणाले, बशी पटकन मागे घेतली, आणि आपला चहाही शिपायाबरोबर बाहेर पाठवून दिला. मला बरं वाटलं.

पोरं एकेक करून आली. काहींनी कैरी करकरून खाल्ली, तोंड वाकडं करून ‘सावर’, म्हणजे आंबट, म्हणाली आणि मीठ मागितलं. एकाने नुसती दाताला टेकवली आणि ‘सावर’ म्हणून सुटला. मग ती आली. ‘टच द विंडो.’ गेली, हात लावला. ‘पुट द पेन्सिल अंडर द चेअर.’ ठेवली. ‘ओपन द डोअर, देन कम अँड सिट.’ दार उघडलं, येऊन बसली. सर मान डोलवत होते. चेहरा मी भिंतीसारखा करून ठेवला होता.

‘टेक द मँगो.’ तिने कैरी घेतली.

‘बाइट द मँगो.’

तिने कैरीकडे पाहिलं आणि बशीत परत ठेवली. सरांनी पुन्हा सांगितलं. ती बसून राहिली. सरांनी स्वतः एक कैरी उचलली, कचकन चावली, ‘लाइक धिस,’ म्हणाले. तिने माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्या भुवयांकडे. मी अंगठ्याकडे बघितलं. आतून मी ओरडत होते, चाव ना गं बाई, एक घास, एवढंसं. एरवी झाडावरच्या कैऱ्यांवर दगड मारणारी तुम्ही पोरं! सर शेवटी ‘ओके’ म्हणाले, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि तिला जायला सांगितलं. पुढचे प्रश्न विचारायचा प्रश्नच नव्हता. न खाल्लेल्या कैरीची चव कशी सांगणार?

जेवणाच्या सुट्टीत मिस माझ्याजवळ आली. ‘बाइटसुद्धा समजलं नाही तिला,’ म्हणाली. आवाजात दुःख होतं, पण ‘मी म्हटलं नव्हतं का’ हेही होतं. मी उठून सरळ मुलीला शोधत गेले. ती भांडी घासायच्या जागेमागे बसली होती. आमचं बोलणं अर्धं माडियात, अर्धं मराठीत चालायचं. मी रागातच सुरुवात केली.

‘काऊन नाई खाल्ली वं? बाइट म्हंजे चावनं, माईत नाई का तुले?’

‘माईत आहे.’

‘मंग?’

‘पंडुम नाई झाला.’

मी तिथेच बसले. अब्बांच्या दुकानात कितीदा ऐकलं होतं मी हे. नवा आंबा आला की गाव आधी मिळून मरका पंडुम करतं, म्हणजे आंब्याचा सण. देवाला नवं फळ दाखवायचं, आणि मगच कुणी त्याला तोंड लावायचं. त्याच्या आधी नाही. एका गिऱ्हाइकाला अब्बांनी कैरीची फोड दिली होती, तर त्याने ती हातात घेऊन, हसून, परत ठेवली होती. ‘अजून नाई, भाऊ,’ म्हणाला होता. अब्बांनी पुन्हा आग्रह केला नव्हता.

‘बाकीच्याईनं तं खाल्ली,’ मी म्हटलं.

‘त्याईचं त्याईले. माह्या बाबानं सांगतलं हाय, पंडुम झाल्याशिवाय नाई.’

‘मंग नुसती दाताले लावाची होती ना. खोटी खोटी.’

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझ्या कोरड्या तोंडाची लाज वाटली. सकाळपासून मी काय करत होते? दुपारी कोणी बघत नसताना मी चोरून पाणी पिते का? मला ‘ईट’ आणि ‘ड्रिंक’ या शब्दांचे अर्थ कळत नाहीत म्हणून मी उपाशी होते का? त्याच खोलीत, त्याच बशीतली, त्याच कैरीला मी नाही म्हटलं. मला सॉरी मिळालं आणि चहा बाहेर गेला. तिने नाही म्हटलं, तर तिला इंग्रजी समजत नाही असं ठरलं.

मी तडक सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण म्हणाले, ‘मॅडम, मग तिने तसं सांगायला हवं होतं.’

‘कोणत्या भाषेत, सर?’

‘ही इंग्रजी माध्यमाची शाळा आहे.’

‘मी तुम्हाला रोजा आहे म्हटलं ते मराठीत म्हटलं. तुम्ही मला नापास नाही केलं.’

मागोमाग आलेल्या मिसने माझी बाही ओढली. सरांनी तिचा कागद पुन्हा पुढे ओढला. मग म्हणाले, ‘ठीक आहे. पुन्हा पाठवा. प्रश्न मी तोच विचारणार, ते मला बदलता येत नाही. तिने इंग्रजीत सांगितलं की खाणार नाही आणि का खाणार नाही, तर ते बोलणंच धरीन. पण तुम्ही आत तोंड उघडायचं नाही. आणि बाहेर वाक्य पाठ करून आणायचं नाही.’

व्हरांड्यात मी तिच्यासमोर उकिडवी बसले. वाक्य पाठ करून घ्यायचं नव्हतं. मग सांगू तरी काय? मी म्हटलं, ‘सर पुन्हा मँगो चाव म्हणन. तुले नाई खायची तं सरले सांग. नो म्हण.’

‘नो?’

‘हो.’

‘सरले?’

‘सरलेच.’

ती विचारात पडली. मग हळूच म्हणाली, ‘नो तं मिस म्हणते. आपण यस म्हणतो. मले चालते?’

दोन वर्षं आम्ही हिला काय शिकवलं होतं? ‘नो टॉकिंग, नो रनिंग, नो पुशिंग.’ हातपंपावर ती नो म्हणायची ते मिस होऊन, पहिलीच्या पोरांना. वर्गात तर पोरं नाही म्हणायचं असेल तर ‘नाई मिस’ म्हणत. नो हा शब्द वरून खाली यायचा असतो, खालून वर जायचा नसतो, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि आम्ही कुणी तिला चुकीचं ठरवलं नव्हतं. ‘यस मिस’ शिकवलं, ‘थँक यू मिस’ शिकवलं, ‘सॉरी मिस’ तर पहिल्या दिवशी शिकवलं. नको कसं म्हणायचं, ते शिकवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. सगळ्या जगाचा राग आला मला त्या व्हरांड्यात.

‘चालते,’ मी म्हटलं. ‘तुले चालते.’

आत सर, मिस, मी आणि ती. मी कोपऱ्यात. ‘टेक द मँगो.’ तिने घेतली. ‘बाइट द मँगो.’

पंखा करकरत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. या वेळी ते जास्त जड गेलं, कारण आता मला सगळं माहीत होतं. मिसने घसा साफ केला. सर मात्र थांबले. त्या माणसाचं हे मी कधी विसरणार नाही. घड्याळाकडे न बघता थांबले.

‘नो,’ ती म्हणाली. ऐकू येईल न येईल असं.

‘व्हाय?’

आता गेलं, मला वाटलं. ‘व्हाय’चं उत्तर तिला कुठून येणार? ते आम्ही शिकवलंच नव्हतं. तिने कैरी दोन्ही हातांत धरली आणि तिच्याशीच बोलावं तसं म्हणाली, ‘माय व्हिलेज नो ईट. फर्स्ट पंडुम.’ मग थोडं थांबून, आवाज जरा मोठा करून, ‘आफ्टर पंडुम, आय ईट. टुडे नो.’ आणि कैरी बशीत ठेवली.

‘आफ्टर’ तिला कुठून आलं? वसतिगृहात ‘आफ्टर प्रेयर, आफ्टर बाथ’ असं दिवसभर ऐकते, तिथून. तिने ते उचलून इथे आणून लावलं होतं. मिस न राहवून म्हणाली, ‘आय विल नॉट ईट, बेटा.’ मी मिसकडे असं बघितलं की ती पुढे काही बोलली नाही. सरांनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग मुलीला म्हणाले, ‘थँक यू.’ आणि मला म्हणाले, ‘राहील ती इथे.’

मला हुंदका आला. पाणी प्यायचं नव्हतं म्हणून तोही तसाच गिळला. मिसने माझा हात धरला.

मुलगी बाहेर व्हरांड्यात उभी होती. मी जाऊन तिला पोटाशी धरणार होते. म्हटलं, आज हिला सांगू, तू किती शहाणी आहेस. पण ती धरू देईना. ती चिडली होती. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती, हातपंपावरसुद्धा नाही.

‘बाई, तुले तं इंग्रजी येते.’

‘येते ना.’

‘मंग तू काऊन नाई बोलली? मी तुह्याकडे पाह्यलं.’

‘सकाळी मले पंडुमाचं ध्यानातच नाई आलं वं.’

‘अन् आता?’

आता मला सगळं ठाऊक होतं. मी तिला सांगायला लागले की मदत करणाऱ्याने मधे बोलायचं नसतं, तुझं उत्तर तुलाच द्यायचं होतं, सरांनी मला गप्प बसायला सांगितलं होतं. प्रशिक्षणात शिकलेलं सगळं सांगत गेले. ती ऐकत होती. सरांचं नाव निघालं तेव्हा तिचा राग थोडा उतरला, आणि ती माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. कीव आल्यासारखी.

‘सर म्हणे गप्प बस, तं तू यस म्हटलं?’

‘हो.’

‘तुलेबी चालत नाई का, नो?’